मोठ्या सिस्टरना न विचारता

वहिनी नापास झाली हे मला घरच्या कुणी सांगितलं नाही. मी धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुष वॉर्डात शिरले, तर ड्यूटी रूमच्या फळ्यावर, पाळ्यांच्या तक्त्याशेजारी, तिच्या निकालाची झेरॉक्स टाचणीने लावलेली. 'अनुत्तीर्ण' या शब्दाभोवती लाल पेनाने गोल. पेन कुणाचं हे विचारायची गरज नव्हती. त्या वॉर्डात लाल पेन एकाच बाईच्या खिशात असतं.

मी इस्पितळाच्या लिनन रूममध्ये काम करते. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं माझ्या कपाटांतून जातं आणि माझ्याकडे परत येतं, त्यामुळे कुठल्या वॉर्डात काय शिजतंय हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं. वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिला इथे चिकटवली तीही मीच. तेरा वर्षांपूर्वी, वॉर्डातली मदतनीस म्हणून. नऊ वर्षं तिने पेशंटना पुसलं, वळवलं, भरवलं, त्यांची भांडी उचलली. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "मला नर्सिंगचा कोर्स करायचाय." माझा भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. तो म्हणाला, "कर." झालं, एवढीच घरातली चर्चा. तीन वर्षं तिने तो कोर्स ओढला, स्वतःपेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलींच्या बाकावर बसून. त्यानंतर हंगामी नर्स म्हणून परत आली, त्याच वॉर्डात. कायम व्हायला फक्त परवाना परीक्षा पास व्हायची बाकी होती.

आणि त्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या मोठ्या सिस्टर. त्यांना सगळे मोठ्या सिस्टरच म्हणतात. मी तोंडावर अहो-जाहो करते, मनात करत नाही. बावीस वर्षं त्या वॉर्डात त्यांचंच राज्य. वहिनी कोर्सला गेली तेव्हापासून त्या तिला 'बॅरिस्टर' म्हणायच्या. "या बॅरिस्टर, चार नंबरची बेडपॅन वाट बघतेय."

निकालाच्या दिवशी मी वॉर्डात पोचले तेव्हा वहिनी फळ्यासमोरच उभी होती. निकाल नोकरीच्या पत्त्यावर येतो, आणि टपाल फोडायचा मान मोठ्या सिस्टरचा. त्या तिच्या मागे उभ्या होत्या, हातात चहाचा कप.

"काय बॅरिस्टर, केस हरलात म्हणे," त्या म्हणाल्या. दोन नर्सा हसल्या. एक खरंच हसली, दुसरी भीतीने. "असू दे. सगळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणून लावलंय. कुणाला कुठलं काम द्यायचं ते कळतं मग."

मला वाटलं वहिनी रडेल. मी गाडी सोडून पुढे झाले, तो कागद फाडायला. तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "मला रोज बघायचाय."

माझ्या वहिनीचा राग चेहऱ्यावर येत नाही, हातात उतरतो. त्या संध्याकाळी तिने घरातली सगळी भांडी घासली, स्वच्छ असलेलीसुद्धा. मग फडताळ पुसलं, मग फडताळाची मागची बाजू. बाबा, म्हणजे माझे वडील आणि तिचे सासरे, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले. बाबा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेला, पण माणसाला कधी हटकायचं नाही तेही त्यांना कळतं.

परीक्षेचा नियम साधा होता आणि वाईट होता. हंगामी नर्सला दोनच संधी. दुसरी सहा महिन्यांनी. तीही गेली तर जागा जाते आणि माणूस मूळ कामावर परत, म्हणजे मदतनीस. म्हणजे निवृत्त होईपर्यंत मोठ्या सिस्टरची बेडपॅन. वहिनीला तेव्हा एकेचाळिसावं चालू होतं. मी हिशेब केला नाही, पण तो आपोआप झाला.

पहिला महिना ती पुस्तकं उघडायची आणि तशीच बसून राहायची. मला फार राग यायचा. तिचा नाही, पुस्तकांचा. एवढी जाड पुस्तकं, आणि हिला सगळं पाठ! औषधांचे डोस विचारा, हाडांची नावं विचारा, घडाघडा सांगायची. निकालाच्या कागदावर विभागवार गुण होते. माहितीच्या विभागात तिला अठ्ठ्याऐंशी टक्के होते. बुडाली होती ती शेवटच्या भागात, 'निर्णय व प्राधान्य'. त्यात प्रसंग देतात आणि विचारतात, सर्वात आधी काय कराल? त्या विभागात तिला एकतीस टक्के. दहा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला, आधी काय करायचं ते येत नाही?

"मीच ढ आहे," ती म्हणाली. "मोठ्या सिस्टर म्हणतात ते खोटं नाही."

हे तिच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी तिला नाही नाही ते बोलले. त्यातलं निम्मं इथे लिहिण्याजोगं नाही. शेवटी सराव परीक्षेचं एक पुस्तक मी टेबलावर आपटलं आणि म्हटलं, "बाबांसमोर सोडव. आत्ता. चाळीस प्रश्न. बाबा तपासतील."

बाबांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं. कितीतरी वर्षांनी कुणी त्यांना काही तपासायला दिलं होतं. वहिनीने तासाभरात चाळीस प्रश्न सोडवले. बाबा मागच्या उत्तरांशी ताडून बघत गेले. आधी समासात खुणा करत होते. मग खुणा करायचे थांबले, पुन्हा पहिल्या पानावर गेले आणि बोट ठेवून एकेक उत्तर वाचायला लागले.

"सूनबाई," ते म्हणाले, "ही बाई कोण?"

"कोण बाई?"

"ही 'प्रभारी परिचारिका'. पेशंटला रक्त चढवताना हुडहुडी भरली, तू हिला बोलावलंस. पेशंटची साखर उतरली, घाम फुटलाय, हिला बोलावलंस. इथे एकाला फिट आलीय, तो पलंगावरून पडायला आलाय, तरी तू आपली हिलाच हाका मारतेस. चाळीसपैकी सव्वीस प्रश्नांत हिला कळवायचा पर्याय आहे. तू सव्वीस वेळा कळवलंस. त्यातलं बरोबर फक्त चार ठिकाणी."

वहिनीने वही ओढून घेतली. पाहिलं. आणि खाली बसली, जिथे होती तिथेच, जमिनीवर.

पलंगाचा किस्सा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं तिने तो कुणाला सांगितला नव्हता, नवऱ्यालाही नाही. नोकरी लागून दुसरंच वर्ष होतं. एका म्हाताऱ्या पेशंटला दम लागला होता, सपाट झोपून जीव घाबरा झाला होता. वहिनीने पलंगाची कळ फिरवून डोक्याकडची बाजू वर केली. त्याला बरं वाटायला लागलं. एवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या.

"हे कुणी सांगितलं?"

"त्यांना श्वास घेता येत नव्हता, म्हणून…"

"मी काय विचारलं? कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग खाली कर."

तिने पलंग खाली केला. करावाच लागला. तो माणूस पुन्हा धापा टाकायला लागला. मोठ्या सिस्टर मनगटावरच्या घड्याळात बघत उभ्या राहिल्या, मग स्वतः पुढे झाल्या आणि कळ फिरवून पलंग वर केला. अगदी तेवढाच. नंतर वहिनीकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि ड्यूटी रूममध्ये सगळ्यांसमोर वाचायला लावलं. शेवटचं वाक्य त्यांनीच सांगितलं होतं: यापुढे मोठ्या सिस्टरना न विचारता मी उशीसुद्धा हलवणार नाही.

"आणि नाही हलवली," वहिनी म्हणाली. "ताई, खरंच नाही हलवली. आधी हाक मारायची, मग हात लावायचा. कोर्सलासुद्धा प्रॅक्टिकलमध्ये मी मॅडमकडे बघायचे आधी. मला वाटायचं, ह्यालाच शिस्त म्हणतात."

बाबा पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तू नापास झालीच नाहीस. तिने पढवलेला पेपर तू दिलास."

वहिनी उठली. तिचा चेहरा मी तेरा वर्षांत तसा पाहिला नव्हता. गोरामोरा नाही, लाल नाही, नुसता घट्ट. ती म्हणाली, "तिनेच मला नापास केलं. आणि वर फळ्यावर लावलं." मग अगदी हळू आवाजात, "ताई, मला आता नुसतं पास व्हायचं नाहीये. मला तिला दाखवायचंय."

लोक म्हणतात, राग धरू नये, मन मोठं करावं. असं म्हणणाऱ्यांना आठवडाभर त्या वॉर्डात ठेवावं, पलंग सपाट करून. मी तरी त्या दिवशी मनापासून खूश झाले. घरात पहिल्यांदा कुणीतरी योग्य माणसावर चिडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात तालमी सुरू झाल्या. पाळी संपवून वहिनी चारला घरी यायची, चहा व्हायचा, आणि बाबा कोचावर आडवे व्हायचे. बाबा पेशंट. मी प्रश्न वाचायचे. नियम बाबांनीच ठरवला होता: वहिनीने तोंडाने उत्तर द्यायचं नाही, हाताने करून दाखवायचं. आणि तिच्या तोंडून 'कळवते' किंवा 'विचारते' असं काही निघालं, की बाबा मरणार.

बाबांना मरायची भयंकर हौस. रक्त चढवताना हुडहुडी भरते असा प्रश्न मी वाचला, की ते दात वाजवायला लागायचे, कोच हलायचा. वहिनीच्या तोंडातून सवयीने "मोठ्या सि…" एवढं निघायचा अवकाश, बाबांची मान कलंडायची. "मेलो," म्हणून जाहीर करायचे, आणि एक डोळा उघडून तिच्याकडे बघायचे. पहिल्या दिवशी चहा निवायच्या आत ते अकरा वेळा मेले. एकदा भाऊ त्याच वेळी घरात शिरला. बाप कोचावर निपचित, बायको शेजारी डोकं धरून बसलेली. त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी खाली पडली. बाबा म्हणाले, "घाबरू नकोस, सूनबाईने मोठ्या सिस्टरना कळवलं." भाऊ त्यानंतर आठवडाभर दार वाजवून घरात येत होता.

हसत होतो खरं, पण ती सवय हाडीमासी खिळलेली होती. हात जागचा हलण्याआधी तिची मान दाराकडे वळायची, कुणी उभं आहे का बघायला. मी ते बघितलं की माझं पित्त खवळायचं. माणसाची मान कुणीतरी अशी वळवून ठेवलीय आणि त्या बाईला त्याची खबरसुद्धा नाही! मी मग कोच फिरवला. वहिनीची पाठ दाराकडे केली. तरी मान वळायची.

दुपारच्या सुट्टीत ती लिनन रूममध्ये यायची. मी आतून कडी लावायचे. चादरींच्या थप्पीवर बसून ती डबा खायची आणि मी प्रश्न विचारायचे. रक्त आणि हुडहुडी? "आधी रक्त बंद." साखर उतरलीय, पेशंट शुद्धीवर आहे? "आधी साखर पाजायची." फिट? "कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं बाजूला सारायचं." हळूहळू उत्तरं पटकन यायला लागली. आणि प्रत्येक उत्तरापुढे ती एक शिवी घालायची. सौम्यच, तिला मोठ्या शिव्या येत नाहीत. पण ती शिवी कुणाला होती ते आम्हाला दोघींना माहीत होतं. उत्तर लक्षात राहायला त्याचा फार उपयोग झाला.

माझ्या परीने मीही हातभार लावत होते. ड्यूटी रूममधल्या खाटेला आखूड चादर, नाड्या तुटलेले अभ्रे, पिळताना साबण राहून गेलेले टॉवेल हे सगळं मी मोठ्या सिस्टरसाठी वेगळं काढून ठेवायचे. वहिनीला कळलं तेव्हा ती रागावली. "असलं नको ताई. असलं केलं की आपणही खोटे पडतो. मला तिची चूक हवीय. तिचीच, तिनेच केलेली." मला पटलं नाही, पण चादरी बदलल्या.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते तेव्हा नव्या पाळ्या लागल्या. परीक्षेच्या दिवशी वहिनीची ड्यूटी. सकाळची, पूर्ण. तिने दोन महिने आधी रजेचा अर्ज दिला होता. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "माणसं नाहीत. परीक्षा काय, पुन्हा येते." पुन्हा येत नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वहिनी ड्यूटी रूममधून बाहेर आली तेव्हा मी व्हरांड्यात मळक्या कपड्यांची पोती बांधत होते. "आता?" मी विचारलं. मला वाटलं, ती पुन्हा आत जाऊन विनवण्या करेल. तेरा वर्षं तेच केलं होतं. तिची मान ड्यूटी रूमच्या दाराकडे वळली. मी ती वळताना पाहिली. मग ती सरळ झाली आणि वहिनी जिन्याकडे चालायला लागली. खाली, कचेरीत, अधीक्षकांच्या केबिनमध्ये. अधीक्षकांनी अर्ज वाचला, परीक्षेची तारीख बघितली, "ह्यात काय अडचण आहे?" म्हणाले आणि सही केली. अर्धं मिनिट लागलं असेल. आमच्या मनात त्या केबिनचं दार तेरा वर्षं बंद होतं, आणि ते नुसतं लोटलेलं होतं.

ती सही घेऊन वर आली. मोठ्या सिस्टरनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मला न विचारता?"

"हो," वहिनी म्हणाली.

एवढंच. पण मी पोतं बांधायची थांबले. त्या बाईला 'हो' म्हणून पुढे काहीच न जोडणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

परीक्षेहून ती दुपारी परत आली ती तावातावाने. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "दोन ठिकाणी कळवलं. तेही हातातलं काम उरकल्यावर." बाबा म्हणाले, "बाकीचे पेशंट?" "जगले," ती म्हणाली, आणि मग एकदाची रडली. भाऊ भांबावून पंखा जोरात लावून आला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नसावं.

निकाल पुन्हा नोकरीच्या पत्त्यावर आला आणि पुन्हा मोठ्या सिस्टरनी फोडला. उत्तीर्ण. निर्णय व प्राधान्य, चौऱ्याण्णव टक्के. या वेळी मात्र तो फळ्यावर लागला नाही. वहिनीने विचारून घेतला आणि स्वतःच लावला, टाचणीने, त्याच जागी. आधीचा तिने काढला नाही. दोन्ही शेजारी शेजारी.

माझी अपेक्षा होती, मोठ्या सिस्टरचं तोंड आता बघण्यासारखं होईल. कसलं काय! त्या दुपारी डॉक्टर राउंडला आले तर मोठ्या सिस्टर वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आमची मुलगी पास झाली बरं का. माझ्याच हाताखाली तयार झालीय. कडक वागले म्हणून घडली." डॉक्टर म्हणाले, "अरे वा, श्रेय तुमचं." आणि त्या हसल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं, तेच जास्त झोंबलं. मी चादर झटकायच्या निमित्ताने ती त्यांच्या तोंडाजवळ झटकली. माझा तेवढाच इलाज.

वहिनीने त्या दिवशी घरी येऊन भांडीही घासली नाहीत. ती शांत बसून वॉर्डाच्या नियमांची पुस्तिका वाचत होती, आणि मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

रक्त चढवण्याआधी परवाना असलेल्या दोन नर्सांच्या सह्या लागतात. पुस्तिकेत लिहिलंय, दोघींनी पेशंटच्या पलंगाशी उभं राहून पिशवीवरचा नंबर, रक्तगट, मुदतीची तारीख मोठ्याने वाचायची, पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं, मग सही करायची. त्या वॉर्डात असं कधीच होत नसे. मोठ्या सिस्टर टेबलाशी बसून पिशवी बघायच्या, सही ठोकायच्या आणि फॉर्म शेजारणीकडे सरकवायच्या. शेजारीण न बघता सही करायची. बावीस वर्षं.

आता त्यांच्या पाळीला शेजारीण होती वहिनी. 'नजरेसमोर असू दे' म्हणून मोठ्या सिस्टरनीच तिला स्वतःच्या पाळीत घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात फॉर्म सरकला.

"सही कर."

"चला, पलंगाशी."

"मी बघितलंय."

"मी नाही बघितलं."

वॉर्डात तेवीस पेशंट आणि त्यांचे नातेवाईक. मोठ्या सिस्टरनी आजूबाजूला पाहिलं. ओरडणार कशावर? त्या उठल्या. पिशवी घेऊन वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि आकडे वाचायला लागल्या. पुटपुटत. "जरा मोठ्याने," वहिनी म्हणाली, "दोघींना ऐकू आलं पाहिजे असं लिहिलंय." सगळं तंतोतंत बरोबर निघालं. वहिनीने सही केली. "बरोबर आहे तुमचं," असंही म्हणाली, मास्तरीण म्हणेल तसं.

मग हे रोजचंच झालं. रक्त असो, दोन सह्यांची औषधं असोत, "चला, पलंगाशी." दिवसात तीनदा, चारदा. मोठ्या सिस्टरच्या गुडघ्यांना चालायची सवय राहिली नव्हती. बाकीच्या नर्सा बघत होत्या. महिन्याभरात दुसऱ्या पाळीतल्याही टेबलावर सही करेनाशा झाल्या, आणि मोठ्या सिस्टरना ते सगळ्यात लागलं.

शेवटी त्यांनी वहिनीच्या बदलीची शिफारस केली. कचेरीतला क्लार्क माझ्या चांगल्या ओळखीचा, तो मला एकेक बातमी आणून द्यायचा. पहिल्यांदा फॉर्म गेला तर कारणाचा रकाना कोरा. अधीक्षकांनी परत पाठवला, कारण नमूद करावे. पुन्हा आला, 'सहकार्य करत नाही.' अधीक्षकांनी शेरा मारला, उदाहरण द्यावे. आता उदाहरण काय देणार? पलंगाशी उभं राहून नंबर वाचायला लावते, हे लिहायचं? खाली सही करायची? क्लार्क सांगत होता, त्या फॉर्म घेऊन त्याच्या टेबलासमोर बराच वेळ बसल्या, पेन उघडलं, बंद केलं, आणि फॉर्म पर्समध्ये घालून निघून गेल्या.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला आनंदाने बोलता येत नव्हतं. बाबाही हसले, पण मग म्हणाले, "सूनबाई, झालं की आता. पुरे."

"अजून नाही," वहिनी म्हणाली.

"किती दिवस?"

"त्यांनी मला किती दिवस ठेवलं?"

मला विचाराल तर मी तिच्या बाजूने होते, आजही आहे.

त्यानंतरच्या सोमवारी मी चादरी घेऊन वॉर्डात गेले तेव्हा नऊ नंबरच्या पलंगावर एक आजोबा होते, रक्त चढवायचं होतं. मोठ्या सिस्टर टेबलाशी बसल्याच नाहीत. पिशवी घेऊन न सांगता पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या. वहिनी पोचायच्या आत आजोबांचं मनगट हातात घेऊन पट्टी वर केली, आणि ती येताच खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. नंबर, गट, तारीख. पुन्हा एकदा नंबर. एकही अक्षर सुटलं नाही. मग पेन उघडून वहिनीपुढे धरलं.

"घ्या. झालं समाधान? अजून काही राहिलं असेल तर सांगा."

मला वाटलं, आता वहिनी पेन घेईल. कुणीही घेतलं असतं. मी घेतलं असतं.

"हो, राहिलंय," वहिनी म्हणाली. "त्यांचं नाव त्यांच्या तोंडून विचारायचं असतं."

"मला माहितीये नऊ नंबरचं नाव."

"मलाही माहितीये. विचारा."

बावीस वर्षांत त्या बाईने पेशंटला नंबराखेरीज हाक मारलेली मी ऐकली नव्हती. त्या पलंगाच्या कठड्याला धरून खाली वाकल्या. "आजोबा," त्या म्हणाल्या, "आपलं पूर्ण नाव सांगता का?" आजोबा अकरा दिवस त्या पलंगावर होते. ते इतके दचकले की आधी उठून बसायला बघत होते, मग वडिलांच्या नावासकट सगळं सांगून टाकलं.

मी वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला होते आणि मला ते स्वच्छ ऐकू आलं.

"मला नीट ऐकू नाही आलं," वहिनी म्हणाली. "पुन्हा विचारा."

मोठ्या सिस्टरनी पुन्हा विचारलं.